हिरव्या पट्ट्यांची जर्सी

“बायडे, आत हो! पोरं सामन्याला निघाल्यात. रांडमुंड बाईचं तोंड नगं बघाय त्यास्नी आज.”

सासूचा हा आवाज. सासू जाऊन वर्षं लोटली, पण पेठेतल्या बोळात फुटबॉल भिंतीवर आपटला की बायडाबाईच्या कानात तो अजून घुमायचा. तेव्हा ती जेमतेम विशीची होती, नवरा नुकताच गेलेला. सवाष्णी तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांना दारात ओवाळत होत्या आणि ती चुलीमागं उभी राहून ऐकत होती.

आज तालमीचा सेक्रेटरी हंबीरराव तिच्या शिलाई मशीनवर एक जर्सी पसरून उभा होता. पांढऱ्याची पिवळट झालेली, खांदा उसवलेला, छातीवरचे हिरवे पट्टे वाळल्या गवतागत विटलेले आणि कसरीनं खाल्लेले. बासष्ट साली ह्याच जर्सीत त्यानं कसबा बावड्याच्या पोरांवर शेवटच्या घटकेला गोल चढवला होता आणि तालमीत पहिला कप आला होता.

“वैनी, नव्या हॉलमधी काचेत लावायची हाय. पहिल्यागत दिसाय पायजे. हे घ्या टेरिलिन. जुनं पट्टं उचकटा, ह्ये बसवा.”

“पहिल्यागत पायजे का नव्यागत?”

“एकच की ते!”

“टोप घातला म्हणून तुमी बासष्ट सालचं हुशीला व्हय?”

हंबीरराव टकलावरनं हात फिरवत हसला. दारात मात्र घुटमळला. “आनि... जर्सी आमच्या तालमीतल्या गुंडूच्या हातनं धाडा. उद्या हॉल उघडताना सवाष्णी ओवाळणार हाईत तिला. तुमी कशाला तरास घेताय.”

तरास! शब्द कसा लोण्यात घोळून दिला होता.

ते पट्टे कुठले, हे एकट्या बायडाबाईला ठाऊक होतं. बासष्ट साली संघाच्या जर्सी तिनंच शिवल्या होत्या. तालमीनं आणलेलं हिरवं कापड पहिल्याच धुण्यात रंग सोडून बसलं होतं आणि सामना उंबऱ्यावर आला होता. तेव्हा तिनं पेटी उघडली. कुरुंदवाडच्या माहेरानं लग्नात नेसवलेलं हिरवं इरकल लुगडं तिला आता जन्मात नेसायचं नव्हतं. तिनं त्याला कात्री लावली. बोलली असती तर पोरांनी ती जर्सी अंगाला लागू दिली नसती, म्हणून गप्प बसली. बसली ती आजवर. बाकीच्या जर्सी कधीच पोतेऱ्यात गेल्या. आता हे पट्टे उचकटले की त्या लुगड्याचं नावनिशाण उरणार नव्हतं.

तिनं टेरिलिन बाजूला सारलं. पट्ट्याची कड उलटली. शिवणीत दुमडलेल्या कापडाला कधी ऊन लागलं नव्हतं. तिथं इरकल अजून राव्यासारखं हिरवं होतं. तिथलाच एकेक धागा ओढून तिनं सुईत घेतला आणि कसरीची भोकं रफूनं भरत गेली. पांढरं कापड रिठ्याच्या पाण्यात उजळलं. ओठांवर आपसूक ओवी आली:

*हिरव्या गं लुगड्याला, पेटी पुरंना कोंडाया*
*गेलं मैदानी धावत, कप जिकून आणाया*

दुसऱ्या दिवशी गुंडू दाराशी आला, तर तिनं त्याला आल्या पावली परत धाडलं आणि स्वतःच निघाली. जर्सी दोन्ही हातांवर आडवी धरून, रस्त्याच्या मधोमध.

तालमीच्या दारात ताटं घेतलेल्या बायका कुजबुजल्या. “अगंबाई, ही कशाला आली?”

हंबीरराव धावत आला. “वैनी, गुंडूला द्यायचं ठरलं हुतं न्हवं? आनि टेरिलिन कुठाय? ह्ये तर जुनंच पट्टं!”

“जुनंच. हात लावून बघा.”

त्यानं बोट फिरवलं आणि त्याचा आवाज खाली आला. “व्हय की... ह्योच हिरवा. त्या दिशी ह्योच हुता.” मग भानावर येऊन त्यानं हात पुढं केले. “द्या हिकडं. आनि तेवढं जरा... बाजूला हुभं ऱ्हावा.”

बायडाबाईनं जर्सी दिली नाही. ताटांच्या पुढ्यात पाय रोवून ती उभी राहिली.

“माझ्या लग्नाचं लुगडं हाय ह्ये, हंबीरराव. मालक गेल्यावर मीच फाडलं. त्या दिशी तुमच्या समद्यांच्या छातीवर पांढऱ्या कपाळाच्या बाईचं लुगडं हुतं, आनि कप तुमीच आणलासा. आता ओवाळा, न्हायतर नका ओवाळू. मी हितनं हलणार न्हाय.”