आधीचं कुणी ऐकलंच नाही

मी रेहल बोलतेय. कुराण वाचताना ते जमिनीवर नको, म्हणून ज्या घडीच्या लाकडी बैठकीवर ठेवतात ना, ती मी. बोलणं हे माझं काम नव्हे, पण आता गप्प बसवत नाही.

सुतारानं मला एकाच फळीतून कोरलं आणि उस्तादांनी विकत घेतलं. मशिदीला लागून असलेल्या खोलीत ते आयतींचा, म्हणजे कुराणातल्या वचनांचा, अर्थ सांगायचे. पद्धत ठरलेली. आधी माझ्यावर सर्वमान्य तफसीर, म्हणजे जुना भाष्यग्रंथ ठेवायचा आणि उघड अर्थ शब्दाशब्दानं वाचायचा. मग चष्मा पुसत म्हणायचे, "हे झालं बाहेरचं. याला धक्का न लावता आता आत जाऊ."

शिष्य मोठे शहाणे! पहिला भाग छापील मिळतोच, म्हणून उस्तादांनी चष्मा पुसला की मगच मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायचे.

एकदा हजरत मूसांची आयत होती. पवित्र खोऱ्यात त्यांना पायातले जोडे काढायला सांगितलं, ती. उस्तादांनी आधी बजावलं की जोडे खरे, खोरं खरं, हुकूमही खरा. चष्मा पुसून झाल्यावर म्हणाले, "हे जोडे म्हणजे दोन मोह. एक इथल्या सुखाचा, दुसरा तिथल्या बक्षिसाचा."

रेकॉर्ड झालं ते एवढंच, आणि तेवढंच घरोघरी फिरलं. "जोडे नव्हतेच म्हणतो! उद्या म्हणेल, नमाजसुद्धा मनातच पढा!"

बैठक भरली. निवाडा करायला थोरले मौलाना. ते उस्तादांचे गुरुबंधू, एकाच गुरूपुढे बसून दोघं शिकलेले.

उस्ताद म्हणाले, "भाईजान, आधीचं रेकॉर्डच केलं नाही हो यांनी. विचारा ना पोरांना."

पोरं माना खाली घालून बसली.

"आत शिरायच्या नावाखाली लोकांनी काय काय अर्थ काढलेत, तुला ठाऊक आहे," मौलाना म्हणाले. "कुंपण लागतंच."

"मी कुंपणातूनच बोललो."

"ऐकलं तेवढं पुरे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनाला येईल तो अर्थ चिकटवणारे महाभाग मीही पाहिलेत, त्यांना जरूर अडवा. पण या माणसानं आधी कोणता ग्रंथ उघडला, हे मी अंगावर झेललंय. मला कोण विचारतो?

वर्ग बंद झाला. मला काखोटीला मारून उस्ताद घरी आले. आता लेक रोज समोर बसते. ते उघड अर्थ वाचतात आणि ग्रंथ मिटतात. परवा तिनं विचारलं, "अब्बा, पुढे?"

उस्तादांनी उठून खिडकी लावली. मग तिच्या हातातल्या मोबाइलकडे बघत म्हणाले, "पुढे काही नाही, बेटा."

पोटच्या पोरीला भ्यायला हो तो माणूस! वाचकहो, कुणाचं म्हणणं खोडायचं तर खुशाल खोडा, पण सुरुवातीपासून ऐकून खोडा. माझ्या उस्तादांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. आता तर ते मागतही नाहीत.