चौथं प्रकरण

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात व्याख्यान म्हणजे खरं तर जेवणाआधीची शिक्षा. पण आज अनिकाला जेवण आठवतही नव्हतं, कारण व्याख्यान तिचंच होतं.

तिचा पीएचडीचा विषय मराठी राज्याचा महसूल. विद्यापीठाचे पैसे संपले, तेव्हा शेवटच्या वर्षाचा खर्च चारुदत्तकाकांनी उचलायचं ठरवलं. काका निवृत्त हार्ट सर्जन, मंडळाचे आधारस्तंभ. कागद नाही, अट नाही. घरच्या माणसाला अटी कोण विचारतं? तिथेच पोरगी फसली.

भाषणाआधी काकांनी तिला किचनमध्ये गाठलं.

"चारपैकी तीन प्रकरणं फर्स्ट क्लास आहेत. चौथं कॅन्सल कर. आजही बोलू नकोस आणि थीसिसमध्येही नको."

"काका, चौथाई कोणाच्या खिशातून आली, ते त्यातच आहे."

"ती प्रोटेक्शन फी होती. लूट दुसरे करायचे. पुढच्या वर्षीचं मी बघतोय ना? मग एवढं ऐक."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! अनिकाला संताप आला आणि लगेच भीतीही वाटली. काकांनी हात काढला तर अभ्यास बंद.

तीन प्रकरणं तिने सांगितली. जमिनीची मोजणी, पिकातला राजाचा वाटा, जकात. पहिल्या रांगेत काका मान डोलवत होते, मांडीवर सत्काराची शाल. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. इथेच थांबावं?

"आणि चौथाई," तिच्या तोंडून गेलंच. "म्हणजे दुसऱ्याच्या मुलखातल्या वसुलाचा चौथा हिस्सा. तो दिला की आपली फौज तिथे लुटायला जायची नाही."

काकांची मान थांबली.

मागून मंडळातली छोटी अनुष्का ओरडली, "बट व्हॉट इफ दे डिडन्ट पे?"

अनिकाने काकांकडे पाहिलं. हातातले कागद खाली ठेवले.

"मग फौज यायची. एखाद्याने म्हणावं, तुझ्या चारांतलं एक मला दे, म्हणजे बाकीच्या तिन्हींना मी धक्का लावणार नाही. देणारा हो म्हणतो, कारण तो घाबरलेला असतो. माझं चौथं प्रकरण त्या घाबरलेल्या गावांचं आहे." आणि ते तिने शेवटपर्यंत सांगितलं.

टाळ्या जरा बिचकतच पडल्या. काका उठले, हसतमुखाने स्टेजवर आले. शाल तिच्या खांद्यावर नीट पसरली, हातात नारळ ठेवला आणि कानाशी म्हणाले, "पुढच्या वर्षीचं तुझं तू बघ."

फोटो निघाला. अनिकाने वाकून नमस्कार केला. तिला रडू येत होतं. चारही प्रकरणं शाबूत होती, आणि पुढच्या वर्षीच्या खर्चाची सोय नव्हती.