नोकरी गेल्याची रंगीत तालीम

एक नोव्हेंबरला सकाळी सव्वासातला माझ्या नवऱ्यानं हॉलमध्ये उभं राहून शिट्टी वाजवली आणि आपली नोकरी गेल्याचं जाहीर केलं.

गेली नव्हती. पण जाणार, असं त्याच्या अंधेरीच्या ऑफिसात प्यूनपासून सगळे बोलत होते. कंपनी गुडगावच्या कुठल्यातरी मोठ्या कंपनीनं घेतली होती आणि गुडगाववाल्यांकडे स्वतःचं ॲडमिन डिपार्टमेंट आधीच होतं. जितू इथल्या ॲडमिनमध्ये सतरा वर्षं. शिवाय तो पाचव्या मजल्याचा फायर वॉर्डन आहे. दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल असतं, तेव्हा तो नारिंगी जाकीट घालून शिट्टी वाजवतो आणि साहेबलोकांना जिन्यानं खाली उतरवतो. वर्षातून दोनदा साहेब त्याचं ऐकतात, म्हणून त्याला ते काम फार आवडतं.

"धूर झाल्यावर दरवाजा शोधत बसलो की मेलो," तो म्हणाला. "दरवाजा आधी बघून ठेवायचा असतो. महिनाभर ड्रिल करायचं. समजा, माझी नोकरी गेलीय."

आमच्या नववीतल्या अनुष्कानं विचारलं, की मग आज शाळेत जायचं का. जायचं होतं.

मग जितूनं फाईल उघडली आणि माझी झोप उडाली. त्याचे हातात येणारे चौसष्ट हजार आणि पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर सकाळपाळी करून मला मिळणारे अकरा, असे पंच्याहत्तर हजार घरात येत होते. बाहेर जात होते सत्याहत्तर. वरचे दोन हजार क्रेडिट कार्डावर बसायचे, आणि दिवाळीनंतर त्या कार्डावर अठ्ठावन्न हजार आरामात पाय पसरून बसले होते. एफडी होती एक लाख तीस हजारांची. पगार थांबला तर ती किती पुरेल, याचा हिशेब जितूनं तीनदा केला. दोन महिने. तेही फेब्रुवारीसारखे.

लग्नानंतर नऊ वर्षं भाड्यानं राहून आम्ही भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमध्ये हा वन बीएचके घेतलाय. साडेचोवीस हजारांचा हप्ता आहे, अजून तेरा वर्षं. तो चुकायला लागला तर घर जाईल. या एका भीतीनं मी ड्रिलला हो म्हटलं, नाहीतर शिट्टी मी तेव्हाच कपाटावर फेकली असती.

नियम सोपा होता. पगारातून फक्त हप्ते आणि अनुष्काचा क्लास भरायचा, बाकी पगार दिसलाच नाही असं धरायचं. घर चालवायचं माझ्या अकरा हजारांत. त्याच दिवशी टीव्हीचं कनेक्शन तोडलं, एसीला जुन्या चादरीत गुंडाळलं, आणि फ्रिजवर कागद लागला: "नोकरी गेली. दिवस १." आकडा तो रोज बदलणार होता.

पहिल्याच रविवारी बचतीचा उत्साह अंगाशी आला. उत्तनला बंदरावर मासळी अर्ध्या किमतीत मिळते, असं जितूला कोणीतरी सांगितलं होतं. वेस्टला जाऊन बसनं आम्ही उत्तन गाठलं. तिथे एका मावशीसमोर ओल्या बोंबलांची पाटी होती. जितूनं किलोचा भाव विचारला.

"किलोचा भाव न्हाय, पाटीचा हाय," मावशी म्हणाली. "बाराशे."

जितूनं घासाघीस करून नऊशेला पाटी मिळवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू गुडगावची कंपनी यानंच विकत घेतलीय. पाटीत निघाले नऊ किलो. तीन माणसांना. बर्फाचे साठ गेले. बसच्या कंडक्टरनं ठिबकती पाटी बघून हातानंच नाही म्हटलं. रिक्षाचे तीनशे झाले, आणि उतरताना रिक्षावाल्यानं सीट धुवायचे दीडशे वेगळे घेतले. अकरा हजारांतले चौदाशे दहा रुपये तिसरा दिवस उजाडायच्या आत संपले, आणि घरात बोंबील एवढे की फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवायला जागा नाही.

त्यातून पाटीचं पाणी लिफ्टमध्ये सांडलं.

सोमवारी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन वर आले. नाव हसमुखभाई, पण चेहरा कायम टँकरचं बिल आल्यासारखा. मी दार उघडलं. हॉलमध्ये अंधार, कारण एका वेळी एकच दिवा लावायचा असा नियम होता. टीव्ही गप्प. एसी चादरीत. आम्ही स्वयंपाकघरात एका ट्यूबखाली जेवायला बसलेले आणि जितू नारिंगी जाकीट घालून कांद्यांची संख्या फाईलमध्ये लिहीत होता. हसमुखभाईंनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर फ्रिजवर गेली. भाईंदरमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, मराठी फाडफाड वाचतो.

ते खुर्चीत बसले. मग जितूचा हात हातात घेऊन, आम्हाला सांगायचं तरी, अशा सुरात म्हणाले, "जितुभाई, अमने कहेवु तो जोइए ने. लिफ्ट का क्या है, सूख जायेगी."

मी घाईघाईनं सांगितलं, की हे खरं नाही, प्रॅक्टिस चाललीय. त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मला खरंच रडू यायला लागलं. जितूला म्हटलं, तू तरी सांग. पण ड्रिल चालू असताना ते ड्रिल आहे असं वॉर्डननं सांगायचं नसतं म्हणे.

मंगळवारपासून डबे सुरू झाले. समोरच्या रसिकानं पुलाव आणला, दुसऱ्या मजल्यावरून ढोकळा आला, चौथ्यावरून शिरा. मी प्रत्येकीला सांगत होते की नोकरी आहे, आणि प्रत्येक जणी "हो हो ताई, आहे ना" म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. पाच दिवसांत चौदा डबे आले. जितू वैतागला. आयतं जेवण मिळालं तर ड्रिलचा निकाल खोटा येतो, म्हणून त्यानं प्रत्येक डब्याची किंमत लावून ती खर्चात धरायला सुरुवात केली. ढोकळ्याचे सत्तर की ऐंशी, यावर आमचं भांडण झालं.

खरी पंचाईत पुढेच होती. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. चौदा डबे आले म्हणजे चौदा डबे भरून जाणार. जिथे चालतं त्या घरांत मी तळलेले बोंबील दिले, ते संपल्याचा आनंद वेगळाच. पण नऊ घरं शाकाहारी. त्यांच्यासाठी दोन किलो शेंगदाणे, गूळ आणि तूप आणून लाडू वळले. लोकांच्या सहानुभूतीचा खर्च आला अकराशे पन्नास. आणि लाडू इतके चांगले झाले, की दुसऱ्या फेरीत डबे वाढले.

एक मात्र झालं. रसिकाच्या नवऱ्यानं, स्वप्नीलनं, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून पंधरा हजार घेतले होते. तेव्हापासून तो आम्हाला बघितलं की फोन कानाला लावायचा. तो एका संध्याकाळी आला, पाकीट टेबलावर ठेवलं, आणि आता तुम्हाला जास्त गरज आहे, असं जमिनीकडे बघत बोलून गेला. ते पैसे घेणं ही फसवणूक आहे का, यावर जितूनं रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला. मी तोवर ते कपाटात ठेवून चावी लपवली होती.

मग हसमुखभाई पुन्हा आले. त्यांच्या साल्याचा भाईंदर पूर्वेलाच स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे. तिथे स्टाफ, सेफ्टी आणि कागदपत्रं बघायला माणूस हवा होता. हातात पस्तीस हजार. जितूनं ताठ उभं राहून सांगितलं, "थँक यू, पण मला नोकरी आहे." हसमुखभाईंनी त्याचा खांदा थोपटला, "हां, है ना," म्हणाले आणि गेले. मी त्या दिवशी जितूशी बोलले नाही.

पण त्याच्या ड्रिलची मलाही सवय लागायला लागली होती. एक दिवस लॅबमधून सुटल्यावर मी बँकेत गेले आणि लोनच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, उद्या पगार थांबला तर काय करायचं असतं. ती म्हणाली, हप्ता चुकायच्या आधी येऊन विचारणारं माणूस तिनं पहिल्यांदा पाहिलं. तिनं आमचं खातं उघडलं आणि सांगितलं की नव्या गिऱ्हाइकांना व्याजदर कधीच कमी झालाय, जुन्यांनी अर्ज करून मागायचा असतो. आम्ही मागितलाच नव्हता. पाच हजार नऊशे फी भरली आणि हप्ता झाला एकवीस हजार नऊशे. दर महिन्याला सव्वीसशे रुपये आम्ही निव्वळ न विचारल्याबद्दल भरत होतो.

मग गाडी. ती महिन्यातून दोनदा बाहेर निघायची, त्यातलं एकदा पुसायला. हप्ता आठ हजार दोनशे. तिला बघायला चेणे गावाहून शिवा नावाचा माणूस आला. वॉचमननं त्याला आमची कहाणी खालीच सांगितली होती, त्यामुळे वर येईपर्यंत त्यानं दहा हजार कमी केले. मी म्हटलं, नोकरी गेलेली नाही, नुसती प्रॅक्टिस आहे. त्यानं आणखी पाच कमी केले. तरीही गाडीचं कर्ज मिटून चाळीस हजार हातात आले. त्यात स्वप्नीलचे पंधरा आणि घरातले तीन घातले आणि कार्डावरचे अठ्ठावन्न हजार उठवले. कार्ड मी कात्रीनं कापलं. अनुष्कानं त्याचा व्हिडिओ काढला.

घरखर्च अकरा हजारांत काही बसला नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, बोंबील, लाडू सगळं धरून सतरा हजार सहाशेवर अडला. पण आधी तो चौतीस व्हायचा. जितूनं नापास असा शेरा मारला आणि स्वतःच खोडला.

सव्वीस तारखेला, फ्रिजवर "दिवस २६" असताना, ऑफिसात अकरा-अकरा जणांना आत बोलावलं. जितू तिसऱ्या अकरात होता. त्याच्या शेजारच्याचं बीपी वाढलं, एक बाई रडायला लागली. जितूनं फाईल काढली आणि मेडिकल पॉलिसी कुठल्या तारखेपर्यंत, पीएफचे कागद कोण देणार, ग्रॅच्युइटी किती दिवसांत, हे ओळीनं विचारून लेखी घेतलं. तीन महिन्यांचा पगार देणार होते, ग्रॅच्युइटी वेगळी. हे मला नंतर त्याच्या ऑफिसातल्या एकानं फोनवर सांगितलं. जितूनं स्वतः काहीच सांगितलं नाही.

दुपारी तीनला तो घरी आला, एक बूट काढला आणि चपलांच्या स्टँडवर तसाच बसून राहिला. फाईल मांडीवर. मी समोर जमिनीवर बसले आणि दुसऱ्या बुटाची लेस सोडली.

"सतरा वर्षं गं, सुचे," तो म्हणाला. "याची प्रॅक्टिस राहून गेली."

मी चहा टाकला, त्यात दूध नेहमीसारखं घातलं, ड्रिलचं पाणीदार नाही.

संध्याकाळी वाटलं, निदान आता कोणाजवळ तरी मन मोकळं करावं. समोर रसिकाकडे गेले आणि सांगितलं, की जितूची नोकरी गेली. तिनं भाजी निवडता निवडता मान हलवली. "हो ना ताई, वाईटच झालं ते. महिना होत आला ना आता? बरं, माझा झाकणाचा डबा तुमच्याकडेच राहिलाय का?"

खालच्या मजल्यावर तेच. चौथ्यावर तर मला समजावलं गेलं, की किती दिवस तेच धरून बसायचं, आता पुढचं बघायला हवं. आमच्या वाट्याचं सांत्वन सगळं आगाऊ वाटून झालं होतं. एकही डबा आला नाही.

उरले हसमुखभाई. ज्या माणसाला ताठ मानेनं नाही म्हटलं, त्याच्याकडे जायचं म्हणजे जितूला पाचव्या मजल्यावरून उडी मारल्यासारखं वाटत होतं. दोन दिवस त्यानं शर्टाला इस्त्री केली आणि पुन्हा हँगरला लावला. तिसऱ्या दिवशी मी त्याला दारापर्यंत ढकलत नेलं आणि सोबत गेले.

"हसमुखभाई," जितू म्हणाला, "माझी नोकरी गेली."

"मालूम है."

"नाही, तेव्हा गेली नव्हती. आता खरंच गेलीय."

हसमुखभाईंनी खुर्ची पुढे ओढून त्याला बसवलं. मग म्हणाले, "जितुभाई, माणसाला बोलायला टाईम लागतो. माझा साला रोज विचारतो, दुसरा माणूस ठेवू का. मी सांगितला, थांब. तो येणार."

जितूनं त्यांना खरं काय ते समजावून सांगायला पुन्हा तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

कारखान्याच्या पहिल्याच फेरीत त्याला आग विझवायचे सहाच्या सहा सिलेंडर ताटांच्या खोक्यांमागे सापडले, मुदत संपून चार वर्षं झालेले. घरी येऊन तो त्याचं वर्णन काश्मीर बघून आल्यासारखं करत होता. कारखाना घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. कंपनीकडून आलेले पैसे आम्ही एफडीच्या शेजारी ठेवले आणि त्यांना हात लावलेला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं हिशेबाला बसलो. पस्तीस आणि अकरा, शेहेचाळीस हजार आले. हप्ता, क्लास, घर मिळून चव्वेचाळीस गेले. जितूनं तीनदा बेरीज केली. दोन हजार उरत होते. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण महिनाअखेरीला काही उरलंय हे आमच्याकडे पहिल्यांदा घडत होतं, त्यामुळे त्याचं काय करायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. जितूला ते एफडीत टाकायचे होते. अनुष्काला मैत्रिणींना पिझ्झा द्यायचा होता. मला हॉलचे पडदे बदलायचे होते. आवाज चढत गेले. चाळीस मिनिटांनी इंटरकॉम वाजला.

हसमुखभाई होते. घरात सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारत होते. मी सांगितलं, ठीक आहे, पैसे उरलेत म्हणून भांडतोय.

"कितने?"

"दोन हजार."

"मग भांडा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.