मैनेचा चीक

"मॅडम न्हाईत? मग हाय कोण हितं?" विजयसिंहांनी दारातूनच विचारलं. बाहेर त्यांची बुलेट तशीच चालू होती.

"मी हाय की," आक्काताई म्हणाल्या. बायडाबाईंच्या शेळीचा पुढचा पाय मांडीवर घेऊन त्या जखमेला पट्टी बांधत होत्या. "काय झालंय, दादा?"

"मैना अडलीया. पाणमोट फुटून दहा मिनटं झाली. मॅडमना तीनदा फोन लावला, लागत न्हाई. मला डॉक्टर पायजे, डॉक्टर!"

आक्काताईंचे हात थांबले. गाय असती, म्हैस असती, तर त्यांनी पट्टी पुरी केली असती. गाय तासभर तग धरते, कधी त्याहून जास्त. घोडीचं तसं नसतं. अर्ध्या तासात शिंगरू बाहेर आलं नाही तर ते आतच गुदमरतं. शिवाय घोडी सहसा दिवसाउजेडी, माणसांच्या गर्दीत वीत नाही. सकाळी दहा वाजता मैनेनं अंग टाकलं, याचा अर्थ काहीतरी बिघडलं होतं.

"बायडाबाई, गाठ तेवढी तुमी मारा," असं म्हणत त्यांनी शेळी खाली सोडली, हातातल्या बांगड्या उतरवून टेबलावर ठेवल्या आणि पिशवी उचलली. "चला, दादा."

विजयसिंह जागचे हलले नाहीत. "तुमी?"

"मॅडमना मी वाटेतनं फोन लावतो. त्या लसी टोचायला पलीकडच्या गावात गेल्यात, येस्तवर पाऊण तास जातोय. तेवढा वेळ घोडीकडं हाय का, तुमीच सांगा."

विजयसिंह मागं वळले. बुलेटवर आक्काताईंना मागं बसायला त्यांनी जागा केली.

आक्काताई कांबळे हुपरीजवळच्या त्या जनावरांच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं परिचर होत्या. आधी त्यांचा नवरा आनंदा तिथं परिचर होता. तो काविळीनं गेला तेव्हा त्यांची मुलगी प्रीती दीड वर्षाची होती, आणि अनुकंपेवर त्याची जागा आक्काताईंना मिळाली. नेमणुकीच्या कागदावर काम लिहिलेलं होतं: झाडलोट, साहित्य उकळणे, जनावर धरणे. पहिल्या वर्षी बाई दिसली की माणसं बैल घेऊन परत फिरत. "बाईमाणूस काय धरणार खोंडाला," म्हणत. आक्काताई उत्तर द्यायच्या नाहीत. त्या दावं हातात घ्यायच्या.

मग एकदा एक पहिलारू गाय अडली. तेव्हाचे डॉक्टर आडदांड होते, त्यांचा हात आत जाईना. घामाघूम होऊन त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आक्काताईंच्या मनगटावर त्यांची नजर थांबली. "घाल हात," ते म्हणाले, "मी सांगतो तसं कर." वासरू जिवंत आलं. त्यानंतर अकरा डॉक्टर आले आणि बदलून गेले. प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच कळायचं की पंचक्रोशीतली माणसं अडलेल्या जनावरासाठी डॉक्टरला बोलावताना शेवटी हळूच म्हणतात, "येताना आक्काताईस्नी बी आणा."

पण ती गाईम्हशींची गोष्ट. घोडी आक्काताईंनी दोनदाच सोडवली होती, दोन्ही वेळा डॉक्टर शेजारी होते. घोड्यांचा नाद या भागात मोजक्या लोकांना. विजयसिंहांच्या घरात तो तीन पिढ्यांचा.

वस्ती दोन किलोमीटरवर होती. वाटेत कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. तिच्या कडेनं बुलेट जात असतानाच डॉक्टर मैथिलींचा फोन लागला. आक्काताईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"मी निघते," मॅडम म्हणाल्या. मॅडम कोल्हापूरच्या, नोकरीला दोन वर्षं झालेल्या, पण घाबरून जाणाऱ्या नव्हत्या. "पण इकडं ट्रॉली उलटलीय, वेळ लागेल. माझी वाट बघू नका. तपासा आणि काय लागतंय ते मला सांगा. फोन चालू ठेवा."

गोठ्यात मैना आडवी पडली होती. तांबूस अंगावर घामाचा फेस आला होता. गडी आकाराम तिच्या डोक्याशी बसून मान चोळत होता. विजयसिंहांच्या आई धोंडुबाई दाराशी गरम पाण्याची घागर घेऊन उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण ताठ.

शिंगराचे दोन्ही पुढचे खूर बाहेर दिसत होते. त्यांच्यावर नाक दिसायला हवं होतं. ते नव्हतं.

आक्काताईंनी फोन आकारामकडं दिला, खांद्यापर्यंत साबण लावला, वर तेल घेतलं आणि गुडघ्यावर बसून हात आत घातला. त्यांनी डोळे मिटले होते. बोटं पायावरून छातीकडं गेली, तिथून मानेकडं, आणि मान जिथं सरळ यायला हवी तिथं ती वळून बरगड्यांकडं गेलेली लागली.

"मॅडम, डोस्कं मागं फिरलंय. डाव्या अंगाला. जबडा बोटाला लागतोय, पर हातात येत न्हाई."

"जिवंत आहे?"

आक्काताईंनी बोट शिंगराच्या तोंडात सरकवलं. जीभ हलली. "हाय. बोट चोखतंय."

"घोडीला उठवा. चालवली की कळा कमी होतील. शिंगरू आत ढकला, मग डोकं फिरवा."

"तिला उठवायची?" विजयसिंह ओरडले. "एवढ्या कळा येत्यात, आणि चालवायची?"

"उठवा, दादा," आक्काताईंनी हात न काढता सांगितलं. "ती जोर करती तवर मला आत जागाच न्हाई."

विजयसिंहांनी आणि आकारामनं तिला उठवलं. मैना धडपडत उभी राहिली, चार पावलं चालली, आणि तिच्या अंगातला ताठा सैल पडला. आक्काताई मागून तिच्याबरोबर चालत होत्या, हात आत. गडी असो, मालक असो, जनावराच्या पाठीमागं असं चालायला दमदार काळीज लागतं. एका लाथेनं मांडी मोडते. आक्काताईंना ते चांगलं माहीत होतं, आणि त्या क्षणी त्यांच्या मनात ते नव्हतं. त्यांनी शिंगराच्या छातीला तळवा लावला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन ते मागं लोटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वीतभर जागा झाली. मग त्यांनी बोटं जबड्याखाली नेली, तोंड मुठीत झाकून घेतलं, कारण उघडे दात गर्भपिशवीला लागले तर ती फाटते, आणि मान हळूच आपल्याकडं ओढली. कळ आली. हाडात चेंगरलेलं मनगट करकरलं. त्यांनी ओठ चावला, पण मूठ सोडली नाही. कळ ओसरली तसं डोकं गर्रकन फिरून पायांवर आलं.

"आलं! आता पडू दे तिला."

मैना पडली आणि पुढचं सगळं तिनंच केलं. दोन कळांत शिंगरू चाऱ्यावर आलं: काळपट, ओलं, कपाळावर पांढरा ठिपका. आक्काताईंनी नाकातोंडातला चिकटा काढला, कडब्याच्या वैरणीनं छाती चोळली. शिंगरू शिंकलं.

"घोडा हाय की घोडी?" धोंडुबाईंनी विचारलं.

"घोडी हाय, मावशी."

विजयसिंह मटकन खाली बसले आणि हसायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम आणि डोळ्यांतलं पाणी वेगळं ओळखू येत नव्हतं.

आक्काताई हसल्या नाहीत. त्या मैनेकडं बघत होत्या. ती उठली होती, पण शिंगराला चाटायला वळली नव्हती. पाय फाकून उभी होती, कानशिलं गार, नाकपुड्या थरथरणाऱ्या. आक्काताईंनी तिचा ओठ वर केला. हिरडी चुन्यासारखी पांढरी होती. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता. जे वाहत होतं ते आत.

त्याच वेळी डॉक्टर मैथिली गाडीतून उतरल्या. त्यांनी हिरडी पाहिली, नाडी धरली, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, आणि मग आक्काताईंकडं पाहिलं. दोघींना एकच कळलं होतं.

"गर्भाशयाची मोठी नस तुटलीय," मॅडमनी विजयसिंहांना सांगितलं. "वय झालेल्या घोडीत होतं असं. सतरा वर्षांची आहे ना? मी करतेय ते करते. पण आशा ठेवू नका."

विजयसिंह उभे राहिले. "नस कशानं तुटली? आत हात घालून ढकलाढकली केली म्हणून तुटली न्हवं?" ते आक्काताईंकडं वळले. "मी म्हटलं हुतं, डॉक्टर पायजे म्हणून!"

"हात घालायला मी सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि हात घातला नसता तर दोन्ही गेली असती."

आक्काताईंनी स्वतःला तोच प्रश्न विचारला होता, विजयसिंहांच्या आधी. कुठं कुठं बोट गेलं, कुठं दाब दिला, ते सगळं त्यांनी मनात परत चालून पाहिलं. हाताला सगळं आठवत होतं. त्यांनी काही फाडलं नव्हतं. उत्तर मिळालं तशा त्या उठल्या.

"मावशी, एक स्वच्छ तांब्या द्या. उकळत्या पाण्यानं धुतलेला."

"कशाला?" विजयसिंहांनी विचारलं.

"चीक काढायचाय."

विजयसिंहांचा आवाज फुटला. "ती मरायला लागलीया, आणि तुमी तिचं दूध काढताय? जनावर हाय म्हणून काय झालं? सुखानं तर मरू द्या तिला!"

आक्काताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. उंचीनं त्या त्यांच्या छातीपर्यंतही नव्हत्या.

"दादा, ती जगणार असली तर तांब्याभर चिकानं मरत न्हाई. आणि जाणारच असली तर तिच्याकडं लेकीला द्यायला एवढंच हाय. शिंगराला पहिल्या काही तासांत आईचा चीक मिळाला न्हाई तर ते बी आठ दिसांत जातंय. दुसरी व्यालेली घोडी ह्या तालुक्यात मला ठाव न्हाई. तुमास्नी हाय?"



"विजू," धोंडुबाई म्हणाल्या, "तिचं डोस्कं धर. बाई सांगतीया तसं कर." आणि तांब्या आणायला त्या आत गेल्या.

विजयसिंहांनी मैनेचं डोकं छातीशी धरलं. आक्काताई तिच्या पोटाखाली वाकल्या. उजवं मनगट सुजून आलं होतं, म्हणून त्यांनी डाव्या हातानं धारा काढल्या, हलक्या, तिला झटका बसू नये अशा. दाट, पिवळसर चीक तांब्यात पडू लागला. मैना हलली नाही. एकदा तिनं मान वळवायचा प्रयत्न केला, तेव्हा मॅडमनी शिंगरू उचलून तिच्या नाकाशी नेलं. मैनेनं त्याचा ओला कान हुंगला. एवढंच तिच्याच्यानं झालं.

तांब्या पाऊण भरला तसे तिचे गुडघे दुमडले. विजयसिंह तिच्याबरोबरच खाली बसले. बारा वाजायच्या आत ती गेली.

कुणी रडलं नाही. आकारामनं तिच्यावर पोतं टाकायला घेतलं, पण तेवढ्यात शिंगरू उठलं. चार पाय चार दिशांना जात होते. ते पडलं, उठलं, आणि झोकांड्या खात मैनेच्या पोटापाशी जाऊन ढुसण्या देऊ लागलं. नाकानं कास शोधत होतं. विजयसिंहांनी तोंड फिरवलं.

आक्काताईंनी त्याला लगेच ओढलं नाही. थोडा वेळ हुंगू दिलं. मग गळ्यात हात घालून त्याला वळवलं आणि म्हणाल्या, "मावशी, घरात बाटली हाय का, बाळाला दूध पाजायची?"

नातीची जुनी बाटली निघाली. निपलचं भोक आक्काताईंनी सुईनं मोठं केलं आणि बाटली विजयसिंहांच्या हातात दिली.

"मी?"

"मग कोण? दर तासाला पाजायचं हाय. आज, उद्या, पुढं कैक दिस. चीक संपला की शेळीचं दूध, बायडाबाईंकडं दोन दुभत्या हाईत, मी सांगतो त्यास्नी. मी रोज येऊन बघून जाईन, पर तासातासाला मला यायला जमायचं न्हाई. बसा असं. त्याचं डोस्कं वर उचलू नका, ठसका लागंल. आईच्या पोटाखाली घालतंय तसं असू द्या."

विजयसिंह चाऱ्यावर मांडी घालून बसले. शिंगरानं निपल दोनदा थुंकलं. तिसऱ्यांदा ओढलं, आणि मग बाटलीत बुडबुडे वर यायला लागले. ते पीत असताना विजयसिंहांनी हळू आवाजात विचारलं, "आक्काताई, खरं सांगा. तुमच्या हातनं काय झालं न्हाई न्हवं?"

"न्हाई, दादा."

त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

मॅडमनी आक्काताईंच्या मनगटावर पट्टी गुंडाळली. मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. दुपारी जेसीबी आला. माळाच्या बांधाला, आंब्याच्या पलीकडं खड्डा काढला गेला. आकाराम आणि आणखी चौघांनी मैनेला नेलं. सगळी तिकडं गेली, धोंडुबाईसुद्धा काठी टेकत गेल्या. गोठ्यात आक्काताई राहिल्या, शिंगरू राहिलं आणि विजयसिंह राहिले, कारण तास झाला होता आणि बाटली पुन्हा भरली होती.

आकाराम दारात येऊन उभा राहिला. "दादा, घोडी ठेवली. माती लोटायची का? सगळी तुमच्यासाठी थांबल्यात."

शिंगरू पीत होतं. अर्धी बाटली उरली होती. विजयसिंहांनी हात हलू दिला नाही, मानही वळवली नाही.

"लोटा," ते म्हणाले.

माळावर यंत्र सुरू झालं. आक्काताई पुढं वाकल्या आणि त्यांनी बाटली बोटभर खाली केली.