दगडातलं पाणी

विहीर घराच्या परसातच हवी, हा थोरल्या सुनेचा हट्ट. तिच्या दिराला ती हवी होती ओढ्याकाठी, म्हणजे थोरलीची घागर घेऊन रोजची तीच पायपीट! शेवटी पैज लागली. आज दिवस मावळायच्या आत परसात पाणी लागलं तर खणणं चालू राहणार, वर घरचं पाणी वर्षभर दिरानं भरायचं. नाही लागलं तर खड्डा बुजवायचा.

आणि लागत काय होतं? नुसता काळा कातळ. ऊन कलायला लागलं तशी थोरली रडकुंडीला आली.

"वहिनी, पुरे आता. हात सोलले तुझे."

"हात माझे आहेत, भावजी. तुम्ही तुमची जीभ सांभाळा!"

असं म्हणून तिनं रागानं घण घातला. ठण्ण व्हायच्या ऐवजी आवाज आला बद्द! कातळातून नारळाएवढा गोळा सुटला. दिरानं तो उचलून हलवला आणि त्याचे डोळेच मोठे झाले. आत काहीतरी डुचमळत होतं.

"आबा, दगड बोलतोय!"

काठावर बसलेल्या सासऱ्यानं गोळा टोपलीतून वर ओढून घेतला, मांडीवर धरला आणि छिन्नीनं फोडला. भसकन पाणी मांडीवर! आत सहा कडांचे, टोकदार, लख्ख खडे दाटीवाटीनं उभे. म्हाताऱ्यानं एक मोडून थेट तोंडात टाकला.

"खडीसाखर... थू थू! दात गेला असता की!"

वर आलेली थोरली पोट धरून हसत सुटली. हसता हसताच तिला सुचलं.

"मामंजी, मिठाचं पाणी परातीत आटलं की कडेला खडे धरतात ना? तसंच हे. पोकळीत पाणी झिरपलं, त्यात विरघळलेला दगड कणाकणानं बसत गेला. उरलेलं पाणी आतच कोंडलं."

"किती वर्षं लागली असतील गं?"

"आपल्या भांडणापेक्षा जास्त! पण लागलं की नाही पाणी?"

"हे घोटभर?" दीर किंचाळला. "तेही आबांच्या मांडीवर?"

"किती लागायला हवं, ते ठरलं होतं का रे?" म्हाताऱ्यानं ओली मांडी पुढे केली. "ही बघ. सूनबाई जिंकली!"

सकाळी दीर घागरी घेऊन ओढ्याकडे निघाला.

"सांडू नका हां, भावजी!" थोरली खड्ड्यातून ओरडली.

तिसरी खेप झाल्यावर त्यानं घागर आपटली आणि स्वतःच खाली उतरला.

"सरक वहिनी, दे तो घण. इथं विहिरीला पाणी लागल्याशिवाय माझी सुटका नाही!"