मागणी नाही

ग्रंथालय ही मानवजातीची स्मरणशक्ती आहे. हे महान सत्य शाळेच्या ग्रंथालयाच्या दारावर सोनेरी अक्षरांत रंगवलेलं होतं. फक्त रंगाऱ्याच्या हातून 'स्मरण'मधला अर्धा स निसटला होता, त्यामुळे गेली सहा वर्षं मुलं मानवजातीच्या मरणशक्तीखालून आत जात होती. दुरुस्तीचा अर्ज कार्यालयात होता. अर्ज सुखरूप आहे, असं कार्यालयाचं म्हणणं होतं.

टाचणी दहावीत होती. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. पाय मुरगळल्यामुळे खेळाच्या तासाला तिला ग्रंथपाल सरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून पाठवत. पुस्तकं जागेवर लावायची, सुटलेल्या पानांना चिकटपट्टी लावायची, कपाटं पुसायची. सर माणूस भला, पण त्यांची मान वहीच्या कोनात कायमची बसली होती. मदतनीस त्यांना आवाजावरूनच माहीत.

त्या बुधवारी निर्लेखनाचं काम निघालं. निर्लेखन म्हणजे खराब झालेली पुस्तकं वहीतून कायमची काढून टाकणं. टाचणीने पुस्तक उघडायचं, पहिल्या पानावर 'निर्लेखित' असा शिक्का मारायचा. ठप्प आवाज झाला की सर मान खाली ठेवूनच विचारत, "नंबर?" मग, "कारण?" कारणं तीनच. वाळवी, पानं गहाळ, किंवा मागणी नाही.

चाळीसेक पुस्तकांनंतर शिक्का पुसट उठायला लागला. टाचणीने पॅडवर शाई ओतली आणि नीट उठतोय का ते बघायला, कुणीही करेल तसं, स्वतःच्या मनगटामागे मारला.

ठप्प.

"नंबर?" सरांनी विचारलं.

टाचणीला गंमत सुचली. तिने आपला हजेरीचा नंबर सांगितला. "एकतीस."

"कारण?"

"मागणी नाही."

सरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, टीपकागद दाबला आणि म्हणाले, "पुढचं?"

"सर, अहो, तो मी माझाच..." टाचणी हसत म्हणाली.

सर थांबले. कान दिला. मग उठून टेबलाला वळसा घालून आले आणि तिच्या हातातला शिक्का त्यांनी खुंटीवरून टोपी काढावी तसा काढून घेतला. "मदतनीस पाठवतो म्हणतात आणि पाठवत नाहीत," ते पुटपुटले, आणि स्वतःच शिक्के मारायला बसले.

वर्गात हजेरी झाली. तीस, बत्तीस. टाचणी 'हजर' म्हणून ओरडली, तेव्हा पुढच्या बाकावरच्या एकाने खिडकी लावून घेतली. शेजारची मैत्रीण ऐसपैस बसली आणि तिने आपलं दप्तर टाचणीच्या मांडीवर ठेवलं. दप्तर खाली पडलं नाही, याचं मैत्रिणीला काही वाटलं नाही.

घरी आईने दोन ताटं मांडली होती. एक स्वतःचं, एक धाकट्याचं. धाकटा म्हणाला, "आई, त्या रिकाम्या खोलीत माझी सायकल ठेवू?" आई म्हणाली, "ठेव की." टाचणी दोघांच्या मध्ये उभी राहून रडली, ओरडली, धाकट्याच्या डोक्यात टपली मारली. त्याने डोकं खाजवलं. रात्री बेसिनपाशी आईला तिसरा ब्रश दिसला. तिने तो दिव्याजवळ धरला, उलटसुलट केला, बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तो होता तिथेच ठेवून दिला.

टाचणीने साबणाने हात घासघासून लाल केला. कातडी निघायची वेळ आली, पण अक्षरं जागची हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयातल्या आतल्या खोलीत गेली. निर्लेखित पुस्तकं तिथेच टाकत, तेव्हा आपलीही जागा तीच, असा तिने विचार केला. गठ्ठ्यांच्या मागे एक मुलगा वाचत बसला होता. त्याच्या गणवेशाची कॉलर जुन्या पद्धतीची होती.

"दार लोट," तो मान वर न करता म्हणाला. "वाऱ्याने पानं उलटतात."

"तुला मी दिसते?"

"एकाच यादीतले आपण. शिक्का हातावर मारून बघितलास ना?"

टाचणीने मान हलवली.

"मीही. अकरा वर्षं झाली. कारण काय सांगितलंस?"

"मागणी नाही."

"नशीबवान आहेस. मी विनोद करायला गेलो आणि 'वाळवी' म्हटलं." त्याने हात पुढे केला. बोटांच्या कडा जुन्या पानासारख्या बारीक बारीक कुरतडलेल्या होत्या.

"दुखतं?"

"नाही गं. आवाज येतो फक्त. दुपारी जास्त." त्याने पान उलटलं. "तुझं काम होईल. लेखी मागणी आली तर निर्लेखित वस्तू परत वहीत घेतात. तसा नियम आहे."

"पण मी कुणाला आठवतच नाही, तर मागणार कोण?"

"ते नियमात नाही," मुलगा म्हणाला.

त्याने पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मग तिलाही तो आवाज ऐकू आला. कुणीतरी फार हळू चावत होतं. टाचणी दार लोटून लंगडत घरी पळाली.

आईची दुपारची पाळी असे. जाताना ती टाचणीसाठी फ्रिजवर चिठ्ठी लावून जाई, गेली कित्येक वर्षं. त्या दिवशीही चिठ्ठी होती. आईचं डोकं विसरलं होतं, पण हात लिहून मोकळा झाला होता. 'कपडे सुकले की आत घे. घड्या नीट घाल, मागच्यासारखे बोळे नकोत. — आई.'

धाकट्याने चिठ्ठी वाचली. "मला कुठे येतात घड्या?" असं स्वतःशीच म्हणून तो खेळायला गेला.

टाचणीने ती चिठ्ठी काढली आणि वहीत जपून ठेवली. एरवी ती अशा चिठ्ठ्यांची विमानं करत असे.

सकाळी तिने ती सरांच्या टेबलावर, मागणीपत्रांच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवली आणि बाजूला उभी राहिली. ट्रेमध्ये आलेला कागद सर कधी परत पाठवत नसत. त्यांनी चष्मा लावला.

"मागणीदार, आई. स्वरूप, कपडे. हं." त्यांनी कागद उलटा करून बघितला. "क्रमांक घातलेला नाही."

"एकतीस, सर! एकतीस!"

सरांनी कानामागे पेन खाजवलं. "बोळे नकोत... बोळे..." ते उठले आणि खिडकीपाशी गेले. खिडकीत कपाटं पुसायची सात फडकी पडली होती. सातही बोळे. सरांनी एक बोळा उचलून नाकाजवळ नेला, दुसरा उलगडला, आणि माणूस हातातलं काम विसरून उभा राहतो तसे ते उभे राहिले. "मी तर घड्या घालतो," ते म्हणाले. "मग हे कुणाचं?"

ते परत आले. वही उघडली. बोट चार आकडी नंबरांवरून खाली खाली सरकत एकुलत्या दोन आकडी नंबरावर थांबलं. त्यांनी पट्टी ठेवून ३१ वर सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'मागणी आली.'

टाचणीच्या मनगटावरची शाई पाण्यात पडल्यासारखी विरली. आणि सरांनी, बहुतेक त्या वर्षात पहिल्यांदाच, मान वर केली.

"काय गं टाचणी, दोन दिवस होतीस कुठे? आणि फडकी म्हणजे काय लाडू आहेत का गोल करून ठेवायला?"

"सर," ती म्हणाली, आणि तिने सातही फडक्यांच्या घड्या घातल्या. चौकोनी, काटेकोर.

घरी जायच्या आधी ती आतल्या खोलीत गेली. तिथे कुणीच नव्हतं. म्हणजे तिला दिसत नव्हतं. गठ्ठ्यांच्या मागे एक पुस्तक अधांतरी उघडं होतं.

"ऐक," ती कुजबुजली. "मी सरांना सांगते. तुझं कारण खोडून घेऊ. तुझी मागणी मी लिहिते, शाईने लिहिते."

पान उलटायचं थांबलं. चावण्याचा आवाज मात्र चालू राहिला.

"बाहेर अजून गणिताचा पेपर असतो?" आवाजाने विचारलं.

"असतो. दोन असतात आता."

"मग राहू दे," आवाज म्हणाला. "तेवढं या कादंबरीच्या दुसऱ्या भागावर शिक्का मार आणि इकडे टाक. अकरा वर्षं ती बाई जिन्यात उभी आहे, आणि वर कोण चालतंय ते या पहिल्या भागात सांगितलेलंच नाही."