चाळीस गायींचे ढेकर

गुरांच्या ढेकरांतून वर्षाला किती मिथेन वायू हवेत जातो, याचा तक्ता साहेबांनी माझ्यापुढे सरकवला. मी गुरांची डॉक्टर, त्यावर सही माझी लागते. माझ्या मामाच्या गोठ्यापुढे लिहिलं होतं, गायी चाळीस.

"साहेब, या सगळ्या साथीत गेल्या. खड्ड्यात चुना मी स्वतः टाकलाय."

"नवी पशुगणना होईपर्यंत आकडा हाच धरायचा. गुणाकार बरोबर आहे ना? मग झालं तर!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चुलीत घाला तो गुणाकार! मामा अजून धारेच्या वेळी रिकाम्या गोठ्यात जाऊन एकेकीला नावानं हाक मारतो. तुमच्या कागदावर त्या ढेकर देतायत ना? मग त्याच्या हाकेला ओ का देत नाहीत?"